शंभरातल्या एकोणचाळीस पेशी

थोरलीने जन्मात कुणापुढे मान तुकवली नव्हती. नवरा होता तोवर नवऱ्यापुढे नाही, तो गेल्यावर मुलापुढे नाही, आणि गाढवांच्या डॉक्टरणीपुढे तर नाहीच नाही. म्हणून ती पोरगी हातात कागद घेऊन तबेल्यात आली, तेव्हा थोरलीने भुरीच्या पाठीवरचा खरारा थांबवला नाही.

"बूट पुसून ये," मागे न बघताच ती म्हणाली. "आत्ताच फरशी धुतलीय."

डॉक्टरणीने बूट पुसले. "काकू, भुरीचा रिपोर्ट आलाय."

"आला तर आला. त्याला काय खुर्ची देऊ?"

थोरलीचा मुलगा कडब्याच्या गठ्ठ्यावर बसला होता, तो उठून पुढे आला. आईच्या जिभेची त्याला सवय होती. चाळीस वर्षांचा बाप्या झाला तरी ती जीभ चालू झाली की तो आपोआप खांदे आवळून घ्यायचा.

चाळीस गाढविणींचा तो तबेला. दूध कॅनमध्ये भरून साबणवाल्यांकडे जायचं, थोडं इस्पितळात, ज्या बाळांना दुसरं दूध सोसत नाही त्यांच्यासाठी. पण थोरलीचा तोरा दुधाचा नव्हता, पैदाशीचा होता. हाडापेराने मोठी, कोपरभर कानांची, माणसाच्या खांद्याला लागणारी जात तिच्या घरात चार पिढ्या सांभाळलेली. त्या जातीची गाढवं पाळणाऱ्यांचा एक संघ होता, संघाची एक वंशवही होती. वहीत नाव चढलं तर गाढविणीला संघाचा नर मिळे. नाही चढलं, तर ती नुसतं चरणारं तोंड. मागच्या दोन वर्षांत तीन तरण्या गाढविणी वांझ निघाल्या, तेव्हापासून संघाने नियम केला होता की रक्त तपासल्याशिवाय वहीत नाव नाही.

डॉक्टरणीने कागद पुढे केला. त्यावर काळे-पांढरे पट्टे असलेले बारीक तुकडे ओळीने मांडले होते.

"ह्या अळ्या कसल्या?" थोरली म्हणाली.

"अळ्या नाहीत, काकू. गुणसूत्रं. अंगातल्या प्रत्येक पेशीत असतात. जनावर कसं होणार ते त्यांच्यावर ठरतं. घोड्याला चौसष्ट असतात, गाढवाला बासष्ट."

"दोन जास्त आहेत म्हणून घोडा एवढा मिरवतो होय!"

मुलगा हसला. थोरली हसली नाही.

"भुरीची बासष्ट भरतात," डॉक्टरीण जपून बोलत होती. "पण मादीची एक जोडी असते आणि नराची वेगळी असते. आम्ही तिच्या रक्तातल्या शंभर पेशी मोजल्या. एकसष्ट मादीच्या निघाल्या. एकोणचाळीस नराच्या."

"म्हणजे?" मुलाने विचारलं.

"म्हणजे ही पूर्ण मादी नसावी. हिला पिल्लू होईल असं मी लिहून देऊ शकत नाही."

आता खरारा थांबला. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने भुरीची शेपटी धरून सरळ वर उचलली.

"ये. ये इकडे. लाजतेस कशाला, डॉक्टर ना तू? बघ आणि सांग, ह्यात एकोणचाळीस नर कुठे लपलेत ते!"

"काकू, बाहेरून दिसतं ते वेगळं, आणि..."

"तीनशे शिंगरं ओढलीत मी ह्या हातांनी. अंधारात, चाचपून. नर कुठला, मादी कुठली हे आता मला कागदावरच्या अळ्या शिकवणार? तुझ्या त्या काचेत घाण असेल. दुसऱ्या कुणाचं रक्त सांडलं असेल. सकाळी दात घासता तरी का तुम्ही लोक?"

डॉक्टरणीने ते ऐकून घेतलं. पोरगी तरुण होती पण चिवट होती. "नमुना दोनदा तपासलाय," ती म्हणाली. "म्हणूनच एक विचारायला स्वतः आले. भुरी जुळ्यातली आहे का?"

थोरलीने शेपटी सोडली.

"का?"

"जुळी असली आणि दुसरं नर असलं, तर पोटात असताना दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं. मग भावाच्या पेशी बहिणीच्या रक्तात जन्मभर राहतात. तो जगला काय, मेला काय, त्या राहतातच. गाईंमध्ये अशी बहीण बहुतेक वांझ निघते. घोड्या-गाढवांत तसं सहसा होत नाही, बहीण चांगली असते. तसं असेल तर मी रक्त सोडून देईन, आयाळीचे केस मुळासकट उपटून तपासेन. केसाच्या मुळात भाऊ नसतो, तिथे फक्त ती स्वतः असते. पण तुम्ही फॉर्मवर जन्म 'एकटं' सांगितलाय. एकटीच्या रक्तात नर सापडला तर तो तिचाच दोष धरावा लागतो."

पाण्याच्या हौदात नळाची धार पडत होती. मुलगा आईकडे बघत होता. भुरीने मान वळवून थोरलीच्या खिशात नाक घातलं, कारण तिथे रोज वाळलेल्या पावाचा तुकडा असायचा.

"आमच्या घरात जुळी होत नाहीत," थोरली म्हणाली.

"नक्की?"

"फॉर्मवर सांगितलंय ना? मग! का आता माझं तोंडही काचेखाली धरणार आहेस?"

डॉक्टरीण गेली. मुलगा जरा वेळ घुटमळला, मग म्हणाला, "आई, शनिवारी गाडी येतेय."

गाडी म्हणजे काढलेली जनावरं नेणाऱ्याची. ती कुठे जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलायचं नाही. तिथे कातडी सोलतात.

"मग येऊ दे. हौसेने येऊ दे. तू बस त्यात, जागा असेल तर."

"तिला ठेवून करायचं काय? एक ठाण अडतं. पाच शिंगरं वाढतायत, त्यांना कुठे बांधू? तूच शिकवलंस ना, रिकाम्या जनावराची माया करायची नाही म्हणून?"

तिनेच शिकवलं होतं. तिने बादलीला लाथ मारली. बादली फरशीवरून खणखणत दारापर्यंत गेली आणि चाळीस गाढविणींनी ऐंशी कान एकदम वर केले.

चार वर्षांपूर्वीची ती दुपार थोरली विसरली नव्हती, नुसती दडपून बसली होती. घरातली सगळी माणसं मयताला गेली होती. तबेल्यात ती एकटी, आणि भुरीची आई अडलेली. तासाभराने शिंगरू बाहेर आलं, मादी, ओली, लांब कानांची. तेवढ्यात म्हातारी गाढवीण पुन्हा कळा देऊ लागली. थोरलीला वाटलं वार पडतेय. हात घातला तर हाताला चार खूर लागले. दुसरं शिंगरू सशाएवढं होतं, अंगावर केससुद्धा धड नव्हते, आणि मेलेलं होतं. नर. त्याच्या मागोमाग जे रक्त सुटलं ते थांबलंच नाही. संध्याकाळ व्हायच्या आत म्हातारीने मान टाकली.

एका बाजूला मेलेली आई, एका बाजूला मेलेला भाऊ, आणि मध्ये हे थरथरणारं पोर दूध शोधतंय. थोरलीने आधी फावडं उचललं. शेणखताच्या ढिगामागे, कुंपणाच्या भिंतीला लागून खड्डा घेतला, नर शिंगरू त्यात टाकलं, माती ओढली, हात धुतले. मग बाटली भरली. माणसं परतली तेव्हा ती म्हणाली, "म्हातारी गेली. शिंगरू एकटंच होतं, पण मोठं होतं. त्यानेच फाडलं तिला."

म्हणजे जिच्यासाठी खोटं बोलली, आईच्या मरणाचा आळही तिच्याच माथी मारला. हे तिला पुढे कधीतरी कळलं आणि त्याचाही तिला रागच आला.

खोटं का बोलली? तर वंशवहीत जुनी एक ओळ होती: जुळ्यातली गाढवीण वहीत घ्यायची नाही. ती ओळ मांडली कुणी? थोरलीने. नऊ वर्षांपूर्वी, भर बैठकीत, कमरेवर हात ठेवून.

तेव्हा तिच्या धाकट्या जावेकडे ठिपकी नावाची गाढवीण होती. दोघींचे तबेले एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. सासऱ्याने वाटणी करताना भिंत घातली, पण दोघी एकमेकींचं खोकणंसुद्धा ओळखत. ठिपकी असं देखणं जनावर होतं की थोरलीच्या अख्ख्या तबेल्यात तिच्या जोडीला उभं करण्यासारखं एक नव्हतं. आणि धाकटी अशी भोळी, की नाव चढवताना आपण होऊन म्हणाली, ही जुळ्यातली हो, हिची बहीण जन्मतःच गेली. थोरलीने तो शब्द वरच्या वर झेलला. जुळं देणारी जात घराला धुऊन काढते, दोन्ही शिंगरं जातात, कधी आईही जाते, अशी जात वहीत शिरली तर आपल्या सगळ्यांच्या दावणी रिकाम्या होतील. असं ती तासभर बोलली. त्यात खोटं फार नव्हतं. पण खरं कारण ठिपकीचे कान होते.

नियम झाला. ठिपकी खोडली गेली. धाकटीने तिला वर्षभर तशीच पोसली, मग तिच्या नवऱ्याने ती गाडीत चढवली. त्या दिवसापासून धाकटी थोरलीशी कामापुरतं बोलायची. पाण्याचा पाइप फुटला, बकरं तुमच्या बाजूला आलंय, एवढंच.

गुरुवारभर थोरली घरादारावर कातावत होती. सुनेने चहा आणला तर चहा गार, नातीने हाक मारली तर आवाज मोठा. कोंडा ओला आहे, दोर कच्चा आहे, डॉक्टरीण टवळी आहे, संघ भिकार आहे. मनातल्या मनात ती त्या मेलेल्या शिंगराशीही भांडली. एवढंसं होतं, डोळे उघडले नाहीत, श्वास घेतला नाही, आणि चार वर्षांनी बहिणीच्या रक्तात बसून चुगली करतंय! जमिनीत पुरलं तर तिथेच राहावं ना गुमान.

खताच्या ढिगाकडे गेली की तिथला तो चपटा दगड तिला दिसायचा. नेमका त्याच जागेवर. कुणी ठेवला तिला माहीत नव्हतं, विचारायची सोय नव्हती. गुरुवारी तिने त्यालाही लाथ मारायला पाय उचलला, आणि तसाच खाली ठेवला.

शुक्रवारी सकाळी ती तबेल्यात गेली तर भुरीच्या कानात लाल बिल्ला होता. गाडीत जाणाऱ्यांना टोचतात तो. मुलाने पहाटेच टोचला होता. कानाच्या कडेला रक्ताचा थेंब सुकला होता, आणि भुरी मान झटकून झटकून ती नवी पीडा काढायला बघत होती. थोरली दिसताच ती पुढे आली आणि खिशात नाक घातलं.

थोरलीने भिंतीवरची कात्री काढली. एका हाताने कान धरला, दुसऱ्याने बिल्ला मधोमध कापला आणि दोन्ही तुकडे उचलून थेट स्वयंपाकघरात गेली. मुलगा जेवायला बसला होता. तिने ते तुकडे त्याच्या ताटात टाकले.

"खा."

"आई!"

"मला न विचारता माझ्या जनावराला हात लावलास. आज लावलास, परत लावलास तर तुझ्या कानात टोचीन. ऊठ. बैठकीला जायचंय."

"बैठकीत काय करणार तू? रिपोर्ट रिपोर्ट आहे."

"रिपोर्ट खरा आहे," थोरली म्हणाली. "खोटी मी आहे. आता उठतोस की ताटासकट उचलू?"

संघाची बैठक दर महिन्याला जुन्या धान्याच्या गोदामात भरे. वर पत्रे, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखा एक आणि तोही नुसता आवाजापुरता. मध्ये टेबल, टेबलावर वंशवही, तिच्यामागे चिटणीस. चिटणीस असा माणूस की आग लागली तरी आधी हजेरी घेईल. पंधरा-वीस माणसं होती. डॉक्टरीण कोपऱ्यात कागद चाळत बसली होती. धाकटी खिडकीशी बसली होती, नेहमीसारखी, थोरलीकडे पाठ येईल अशी.

चिटणीसाने काढायच्या जनावरांची नावं वाचायला घेतली. तिसरं नाव भुरीचं. "रक्ततपासणीत दोष. जन्म: एकटं. वहीत नाव..."

"थांबा," थोरली उभी राहिली.

"हरकत शेवटी घेतात, बाई."

"हरकत नाही घेत. चूक सांगतेय, ती लिहून घ्या. भुरी एकटी नव्हती. जुळी होती. भाऊ मेला, मी पुरला, आणि तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं."

गोदामात एवढी शांतता झाली की पंख्याला लाज वाटावी. डॉक्टरणीचा हात कागदावरच राहिला. मुलाने डोळे मिटून घेतले.

मागून एक म्हातारा दूधवाला म्हणाला, "अहो, मग जुळ्यातली असली तरी ती बादच की! तुमचाच नियम!"

"ठाऊक आहे मला कुणाचा नियम आहे ते! तुम्ही त्या दिवशी झोपला होतात, मी बोलत होते!" थोरलीचा आवाज पत्र्याला लागून परत आला. "तो नियम मी मागे घेते."

चिटणीसाने चष्मा पुसला. संघात पहिल्यापासून एक रीत होती, आणि रीत म्हटली की चिटणीसाला चेव यायचा. "नियम मांडणाऱ्याने मागे घेतला एवढ्याने भागत नाही," तो म्हणाला. "ज्याच्या जनावराला तो लागला, त्याचं हो लागतं. त्याने नाही म्हटलं तर नियम राहतो. हा नियम आजवर एकाच जनावराला लागलाय."

सगळ्यांनी खिडकीकडे बघितलं.

धाकटी सावकाश वळली. नऊ वर्षांत तिने थोरलीकडे असं सरळ बघितलं नव्हतं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"जुळं होतं ते. तिसऱ्या दिवशी कुत्र्यांनी उकरलं. भिंतीवरून दिसलं मला. तुम्ही घरात होतात, त्या शिंगराला बाटली पाजत. मी आले, परत पुरलं, वर दगड ठेवला. जाऊबाई, तुमचं पुरणं नेहमीच उथळ असतं."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. तो दगड. चार वर्षं थोरली त्या दगडाला चुकवून चालत होती.

"माहीत होतं तर बोलली का नाहीस?" ती ओरडली. "तोंड शिवलं होतं का? एका शब्दात माझी वरात काढली असतीस!"

"तुम्ही कधी बोलता ते बघत होते."

"चार वर्षं?"

"नऊ म्हणा. ठिपकीचं कधी बोलता, तेही बघत होते."

आता माफी मागायची वेळ होती हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं. थोरलीलाही कळत होतं. पण ते शब्द तिने कधी वापरलेच नव्हते, त्यांना बाहेरची वाट ठाऊक नव्हती. जे बाहेर आलं ते रागातच आलं.

"ठिपकीत खोट नव्हती!" ती टेबलावर हात आपटून म्हणाली. "ऐका सगळ्यांनी, आणि चिटणीस, लिहा! ह्या संघात तिच्यासारखं जनावर झालं नाही. माझ्याकडे तसं नव्हतं, म्हणून मी ती काढायला लावली. जुळं-बिळं नंतर. मला ती बघवत नव्हती. लिहिलंत? मग तिचं नावही परत चढवा. भुरीच्या वर लिहा!"

"नको," धाकटी ताडकन म्हणाली. "माझ्या मेलेल्या जनावरावर मेहेरबानी नको. तिची कातडी गेली, आता नाव घेऊन काय पांघरू?"

थोरलीचा हात टेबलावरच राहिला.

धाकटीने डॉक्टरणीकडे तोंड केलं. "केस तपासून खरं कळतं?"

"कळतं. मुळासकट हवेत, तीस-चाळीस."

"आणि तोवर ती गाडीत जाणार नाही?"

"नियम गेला तर नाही," चिटणीस म्हणाला. "तपासणी होईपर्यंत जनावर दावणीलाच. तुमचं काय म्हणणं, बाई? हो की नाही?"

थोरली उभीच होती. बसायला सांगितलं असतं तरी बसली नसती, आणि हात तर मुळीच जोडले नसते. पण तिच्या खिशातल्या पावाच्या तुकड्याचा मुठीत चुरा झाला होता.

"हो," धाकटी म्हणाली. "त्या मुक्या जिवासाठी म्हणतेय. तुमच्यासाठी नाही."

"मी कधी म्हटलं माझ्यासाठी म्हण म्हणून?"

"बरं झालं म्हटलं नाहीत. नाही म्हटलं असतं मी."

त्याच दुपारी डॉक्टरणीने भुरीची आयाळ धरून केस उपटले. भुरीने एक लाथ मुलाला दिली, आणि ती योग्य माणसाला बसली असं थोरलीचं मत पडलं. शनिवारी गाडी आली, दोन जनावरं घेऊन गेली. भुरी दारातून गाडीकडे बघत पाव चघळत होती.

तेराव्या दिवशी कागद आला. केसाच्या मुळांत नर एकही नव्हता. सगळी ती स्वतःच. डॉक्टरणीने एवढं मात्र बजावलं की ही गाभण राहिली की पोटात एक आहे की दोन ते लवकर बघून घ्यायचं, आईवर गेली तर काय होतं ते तुम्हीच बघितलंय.

"बघितलंय," थोरली म्हणाली.

नाव चढवायला ती स्वतः गोदामात गेली. चिटणीसाने पेन उघडलं, तर तिने ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

"बाई, वही मी लिहितो. तुमचं अक्षर..."

"माझं अक्षर माझं आहे. सरका."

दोन इयत्ता शिकलेली बाई. तिने खुर्ची ओढली, जीभ दातांत धरली आणि चिटणीसाने फॉर्मवरून आधीच उतरवलेल्या 'एकटं' ह्या शब्दावर एक आडवी रेघ मारली. इतक्या जोरात, की कागद फाटून रेघ मागच्या पानावर उमटली. मग त्याच्यापुढे एकेक अक्षर कोरत तिने लिहिलं: जुळं. भाऊ मेला. थोरलीने लपवलं.

"शेवटचं लिहायची गरज नव्हती," चिटणीस हळूच म्हणाला.

"तुम्हाला विचारलं का मी?"

तिने मागची पानं उलटत एक पान काढलं. नऊ वर्षांपूर्वीचं. तिथे ठिपकीचं नाव होतं, त्यावरून लाल शाईची रेघ. थोरलीने पेन त्या रेघेवर धरलं आणि तसंच धरून ठेवलं. नको म्हणाली होती ती. मेहेरबानी नको.

तिने पेन बंद केलं, टेबलावर आपटलं, आणि घरी न जाता तशीच भिंतीच्या पलीकडे गेली. धाकटी दारातच शेण ओढत होती. तिने मान वर केली नाही.

"काय फुटलं?" तिने विचारलं. "पाइप की नळ?"

"काही फुटलं नाही," थोरली खेकसली. "दुसरं फावडं कुठे ठेवतेस?"